त्या वहीतली माझी सही

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं की आमच्या महिला मंडळाचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. उरलेले तिळाचे लाडू, वाणासाठी आणलेल्यांतले जास्तीचे डबे, जमल्यास थोड्या वह्या-पेन्सिली असं सगळं दोन पिशव्यांत भरायचं आणि गावाबाहेरच्या मुलींच्या बालगृहात जायचं. ‘उरलेले’ हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. त्यांच्यासाठी वेगळे लाडू वळल्याचं निदान मला तरी आठवत नाही.

तीन वर्षांपूर्वीही आम्ही अशाच गेलो. नऊ जणी, ठेवणीतल्या साड्या नेसून. मुली रांगेत बसल्या होत्या. तेल लावून चापूनचोपून घातलेल्या वेण्या, इस्त्रीचे फ्रॉक. त्यांनी प्रार्थना म्हटली, स्वागतगीत म्हटलं. आम्ही लाडू वाटले, ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ म्हटलं. मग अधीक्षिकाबाईंनी आम्हाला इमारत दाखवली. झोपायची खोली, स्वयंपाकघर, आणि मागच्या बाजूला एक बंद दार. त्या दारावर मुलींनी काढलेली चित्रं चिकटवली होती. मोर, डोंगर, डोंगरातून उगवणारा सूर्य, कौलारू घर. मला तो मोर फार आवडला.

नंतर ऑफिसात चहा झाला आणि अधीक्षिकाबाईंनी अभिप्रायाची वही पुढे केली. मंडळात बी. ए. झालेली, शाळेत शिकवणारी आणि बऱ्या अक्षराची अशी मीच. तेव्हा लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. मी लिहिलं, “मुली आनंदी दिसल्या. स्वच्छता व शिस्त वाखाणण्यासारखी. मुलींची चित्रकला विशेष आवडली.” खाली झोकदार सही केली. घरी येताना आम्ही सगळ्या हसतखिदळत होतो. काहीतरी चांगलं केल्याचं समाधान होतं ना!

मी गावातल्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास घ्यायचे तितक्याचेच पैसे, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही याची खात्री नाही. सातवीला मराठी आणि इतिहास माझ्याकडे होता. बालगृहातल्या काही मुली आमच्याच शाळेत येत. त्यांतली एक माझ्या वर्गात. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. कायद्यानंच तशी मनाई आहे, आणि नसती तरी सांगितलं नसतं. आपण तिला कमल म्हणू.

कमल अबोल, पण अभ्यासात बरी. मधल्या सुट्टीत ती माझा फळा पुसून द्यायची. फेब्रुवारीतल्या एका दुपारी फळा पुसता पुसता ती म्हणाली,

“बाई, तुमचं अक्षर किती छान आहे.”

“फळ्यावरचं होय? खडूनं कुठलं छान येतंय!”

“फळ्यावरचं नाही. वहीतलं. आमच्या ऑफिसातल्या. तिथला केर मीच काढते ना, म्हणून वाचलं.” आणि मग डस्टर झटकत तिनं विचारलं, “बाई, तुम्ही लिहिलंय, मुली आनंदी दिसल्या. तुम्ही कुणाला विचारलं होतंत?”

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. धड्यातल्या एखाद्या अवघड शब्दाचा अर्थ विचारावा, तसं विचारलं होतं. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच दिलं नाही. घंटा झाली आणि मी हातपाय गळाल्यासारखी वर्गाबाहेर पडले.

पुढचे चार-पाच दिवस ती रोज थोडं थोडं सांगत गेली. मी खोदून विचारत नव्हते. भीती वाटत होती, तिला काय आणि मला काय. रात्री मुलींवर देखरेख करायला एक काळजीवाहक बाई होती. मुली तिला ताई म्हणत. ही ताई गॅसच्या जुन्या नळीनं मारायची. अंथरूण ओलं करणाऱ्या लहान मुलींना जास्त. कुणी उलट बोललं की रात्रीचं जेवण बंद. आणि त्याहून मोठी शिक्षा म्हणजे कोठीच्या खोलीत रात्रभर कोंडून ठेवणं.

“कोठीची खोली कुठं आहे गं?” मी विचारलं.

“तुम्ही पाहिली की बाई. मोराचं चित्र लावलंय ना, ते दार.”

त्या रात्री माझ्या हातून भाकरी करपली. आमचे हे म्हणाले, “लक्ष कुठंय तुझं?” मग मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोर खोटं बोलते असं मी म्हणत नाही. पण पुरावा काय? आणि तू यात पडून काय करणार?” त्यांच्या बोलण्यामागचं कारण मला ठाऊक होतं. हे पतसंस्थेत शाखाधिकारी आहेत, आणि बालगृह चालवणाऱ्या संस्थेचे एक विश्वस्त त्याच पतसंस्थेच्या संचालक मंडळावर. लहान गावात सगळी माणसं अशी एकमेकांत गुंतलेली असतात. एक धागा ओढावा तर आपल्याच पदराचा निघतो.

शाळेत मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. म्हणाल्या, “मीनल, तुझी तळमळ मला कळते. पण ती सरकारमान्य संस्था आहे. तिथं तपासणीला अधिकारी येतात, समिती येते. इतक्या लोकांना दिसलं नाही आणि तुला दिसलं?”

खरं म्हणजे मलाही दिसलं नव्हतंच! मी तर त्या दारावरच्या मोराचं कौतुक करून आले होते.

मोठ्या बाईंचं ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. सरकारमान्य, समिती, तपासणी. मला मुझफ्फरपूरचं प्रकरण आठवलं. २०१८ साली वर्तमानपत्रांत रोज त्याच्या बातम्या येत, आणि आपण ‘बिहारात काय, काहीही चालतं’ असं म्हणून पान उलटल्याचंही आठवलं. आता मी ते सगळं शोधून नीट वाचलं. दोन रात्री झोप आली नाही.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरचं ते बालिकागृह काही चोरून-लपून चाललेलं नव्हतं. सरकारच्या पैशावर चालत होतं, सरकारनंच मुली तिथं पाठवल्या होत्या, आणि तपासणीच्या भेटीही होत होत्या. तरी तिथल्या तीसहून अधिक मुलींवर लैंगिक अत्याचार झाले. ते बाहेर कसे आले, हे आपण सगळ्यांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. बिहार सरकारनं राज्यातल्या शंभरावर निवारा संस्थांची पाहणी करायला मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाला सांगितलं होतं. ही पाहणी सरकारनंच करवली, हे त्याच्या बाजूनं नोंदवायलाच हवं. त्या गटाची माणसं मुलींशी बोलली. रजिस्टरं पाहिलीच, पण मुलींशीही बोलली. २०१८ च्या वसंतात अहवाल गेला. त्यात सतरा संस्थांबद्दल गंभीर गोष्टी लिहिल्या होत्या. पोलिसांत गुन्हा नोंदायला मात्र मे महिन्याची अखेर उजाडली.

पुढे खुद्द राज्याच्या समाजकल्याण मंत्र्यांना, त्या एक बाईच होत्या, राजीनामा द्यावा लागला. सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला खडसावलं, बाकीच्या सोळा संस्थांचा तपासही सीबीआयकडे दिला आणि मुझफ्फरपूरचा खटला दिल्लीच्या न्यायालयात हलवला. जानेवारी २०२० मध्ये एकोणीस जण दोषी ठरले. मुख्य आरोपीला मरेपर्यंत जन्मठेप झाली. पण मला जे वाचून कापरं भरलं ते वेगळंच. दोषी ठरलेल्यांत जिल्हा बालकल्याण समितीचा अध्यक्ष होता. म्हणजे ज्याच्यापुढे जाऊन मुलीनं गाऱ्हाणं सांगायचं, तोच. जिल्ह्याचा बालसंरक्षण अधिकारी होता. आणि संस्थेत काम करणाऱ्या बायका होत्या, ज्यांना त्या मुली ताई-मावशी म्हणत असतील.

बिहारच कशाला? आपल्या पनवेलजवळच्या कळंबोलीत मतिमंद मुलींच्या एका संस्थेतले अत्याचार २०११ मध्ये उघडकीला आले आणि २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं त्यात शिक्षा सुनावल्या. ज्यांना आपलं दुःख शब्दांत सांगताही येत नाही, अशा मुली होत्या त्या.

आता तुम्ही म्हणाल, दुष्ट माणसं कुठंही असतात, घरातसुद्धा असतात. सरकार काय काय बघणार? मलाही आधी तसंच वाटायचं. पण विचार करा. आपलं मूल शेजारीण दोन तास सांभाळते तेव्हाही आपण परत आल्यावर विचारतो, खाल्लं का, रडलं का, खरचटलंय ते कशानं? ज्या मुलाला आईबाप नाहीत, किंवा असून सांभाळू शकत नाहीत, त्याला सरकार कायद्यानं आपल्या ताब्यात घेतं. ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ असा शिक्का मारून आदेश काढतं आणि एका इमारतीत पाठवतं. त्या घडीपासून त्याचं पालक कोण? इमारत चालवणारी संस्था नव्हे, ती शेजारीण झाली. संध्याकाळी येऊन ‘खरचटलंय ते कशानं’ हे विचारायचं काम सरकारचं.

कायद्यात तसं लिहिलेलंही आहे. मुलांच्या न्यायाबद्दलचा २०१५ चा जो कायदा आहे, त्यात म्हटलंय की तपासणी समितीनं प्रत्येक बालगृहाला तीन महिन्यांतून निदान एकदा भेट दिलीच पाहिजे. कमीत कमी तीन जणांनी जायचं. त्यांत एक स्त्री आणि एक डॉक्टर हवाच, आणि आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा. त्याशिवाय बालकल्याण समितीनं आपल्या भागातल्या संस्थांना महिन्यातून किमान दोन भेटी द्यायच्या. संस्थेतल्या माणसानंच मुलाला छळलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. स्वयंपाकाच्या पुस्तकातल्या कृतीसारखं सगळं मापासकट दिलेलं आहे. पदार्थ करायचा कुणी, एवढाच प्रश्न.

हे सगळं वाचूनही मी चार दिवस नुसतीच घुटमळत होते. मग एका दुपारी आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले. घरातलं बोलणं त्यांच्या कानावर पडलेलं असणारच. त्या मान वर न करता म्हणाल्या,

“माझी आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. मामाकडे वाढले, हे तुला माहीत आहे.”

“हो आई.”

“गावातल्या बायका यायच्या, मामीला म्हणायच्या, परक्या पोरीला पोटच्या पोरीसारखं सांभाळतेस हो! मी दाराआड उभी असायचे. एकीनंसुद्धा आत येऊन मला विचारलं नाही.”

एवढंच बोलून त्यांनी सूप पुढे ओढलं. लग्नाला बारा वर्षं झाली माझ्या. मामीबद्दल त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द ऐकला नव्हता आणि त्या दिवशीही त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

मी उठले आणि १०९८ ला फोन लावला.

हा नंबर आपल्या शाळांच्या भिंतींवर रंगवलेला असतो, बसमध्ये असतो. १९९६ साली मुंबईत ही मुलांसाठीची मदतवाहिनी सुरू झाली. आता ती सरकारच चालवतं. फोनवरच्या मुलीनं शांतपणे सगळं विचारून घेतलं. मुलगी कुठं आहे, आत्ता धोका आहे का, तिला डॉक्टरची गरज आहे का. माझं नाव सांगायची सक्ती केली नाही. मी क्षणभर थांबले आणि सांगून टाकलं. वहीत सही करताना नाही का सांगितलं होतं?

दोन दिवसांनी जिल्हा बालसंरक्षण कक्षातून माणसं आली. आणि काय झालं असेल? ती ऑफिसात बसली, चहा झाला, मुलींना रांगेत उभं केलं, अधीक्षिकाबाईंच्या समोर विचारलं, “काही त्रास आहे का गं?” मुलींनी एका सुरात “नाही” म्हटलं. त्या रात्री कमलला कोठीत झोपावं लागलं. हे मला तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

माझ्या फोनमुळे तिला ती रात्र काढावी लागली. हे लिहिताना आजही माझा हात थरथरतो. पण मी काही शूर बाई आहे असा तुमचा समज व्हायला नको, म्हणून लिहिते.

मग मात्र मी रजा टाकली आणि एसटीनं जिल्ह्याच्या गावी गेले. बालकल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांना न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. आमच्या जिल्ह्यात त्यांतली एक जागा रिकामीच होती. मी लेखी अर्ज दिला आणि आधीच्या भेटीत काय झालं तेही लिहिलं. समितीतल्या एक बाई वयस्क होत्या, पूर्वी परिचारिका होत्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, “तुमची शाळा किती वाजता सुटते?”

त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. बालगृहात नाही, शाळेत. माझ्याच वर्गात दार लोटून त्या बालगृहातल्या मुलींशी एकेकटं बोलल्या. मीसुद्धा बाहेर. पहिली मुलगी वीस मिनिटांनी बाहेर आली. दुसरी चाळीस मिनिटांनी. शिपाईमामा दोनदा येऊन गेले, वर्ग कधी मोकळा होणार विचारायला. संध्याकाळी त्या बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे फक्त पाणी मागितलं.

त्याच रात्री ते मोराचं दार उघडलं गेलं. काळजीवाहक बाईवर गुन्हा दाखल झाला, अधीक्षिका बदलली, संस्थेला नोटीस निघाली. खटला अजून चालू आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पाच मुलींना दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत हलवलं. त्यांत कमल होती. वार्षिक परीक्षेला महिनाच राहिला होता. सोमवारी ती वर्गात नव्हती. फळा कुणी पुसला नव्हता. तिला विचारलं होतं का कुणी, जायचंय का म्हणून? बहुधा नाही. मार चुकला, पण शाळा गेली, मैत्रिणी गेल्या. तिच्या भल्यासाठीच झालं असेल. मला अजून नक्की सांगता येत नाही.

आमच्या ह्यांना पतसंस्थेत कुणी स्पष्ट असं काही बोललं नाही. दिवाळीत मात्र दुसऱ्या शाखेत बदली झाली, रोज पस्तीस किलोमीटरचा प्रवास. ह्यांनी मला त्याबद्दल एका शब्दानं बोल लावला नाही, हे कबूल करायला हवं. शाळेनं जूनमध्ये मला परत बोलावलं. मोठ्या बाईंनीच आग्रह धरला, असं नंतर कळलं.

पण माझं समाधान होईना. नळी मारणारी पकडली गेली, ठीक. तीन-तीन महिन्यांनी जे तपासायला यायचे, त्यांचं काय? त्यांना कुणी विचारलं? मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. मुलींची नावं नकोत, काही खासगी नको, फक्त एवढंच सांगा: आधीच्या दोन वर्षांत तपासणी समिती या बालगृहात किती वेळा आली, कोणत्या तारखांना, आणि बरोबर डॉक्टर होते का? कायद्याच्या हिशेबानं आठ भेटी व्हायला हव्या होत्या. उत्तर आलं, तीन. त्यांतल्या दोन वेळा डॉक्टर नव्हते. आणि शेऱ्याच्या रकान्यात तिन्ही वेळा एकच शब्द, ‘समाधानकारक’.

कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले. माझ्याच शेऱ्याचं ते सरकारी रूप होतं. मी निदान तीन वाक्यं लिहिली होती!

त्या कार्यालयातले एक साहेब भेटले. भले गृहस्थ. म्हणाले, “मॅडम, माझ्याकडे तीन टेबलांचं काम आहे, गाडी नाही, डॉक्टर मागितला तर आरोग्य खातं म्हणतं माणूस नाही. आम्ही काय करायचं?” त्यांचं खोटं नव्हतं. पण टेबलांवर माणसं नेमायची कुणी? गाडी द्यायची कुणी? रिकाम्या जागा भरायच्या कुणी? हे सगळं ज्याच्या हातात आहे त्यानंच ‘आमच्याकडे माणसं नाहीत’ म्हणायचं, म्हणजे बापानंच मुलाला सांगावं की घरात भांडी नाहीत म्हणून तुला जेवण नाही.

कॉलेजात असताना आम्हाला इंग्रजी नाटकांचा फार नाद होता. अॅगाथा ख्रिस्तीचं ‘माउसट्रॅप’, १९५२ साली रंगमंचावर आलेलं आणि जगात सर्वांत जास्त काळ चाललेलं नाटक, मी वाचलं होतं ते रहस्य म्हणून. त्यामागे एक खरं मूल आहे, हे मला अलीकडे कळलं. इंग्लंडमध्ये डेनिस ओनील नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला सरकारी मंडळीनं एका शेतावरच्या जोडप्याकडे सांभाळायला दिलं होतं. त्याचा भाऊही तिथंच होता. ९ जानेवारी १९४५ ला डेनिस मारानं आणि उपासमारीनं मेला. त्याआधी तीनेक आठवडे, २० डिसेंबरला, एक कारकून बाई त्याला भेटून गेली होती. मुलाची अवस्था पाहून तिला काळजी वाटली, तिनं तसं वर कळवलंही. पण मुलगा एका नगरपालिकेचा, शेत दुसऱ्या हद्दीतलं. कागद फिरत राहिले, मध्ये नाताळ आला. पुढे चौकशी झाली, देश हळहळला, आणि १९४८ मध्ये तिथं मुलांसाठी नवा कायदा झाला. त्या बाईनं वहीत ‘समाधानकारक’ लिहिलं नव्हतं. खरं तेच लिहिलं होतं. तरी मूल गेलं, कारण लिहिलेलं वाचून उठायचं कुणी ते ठरलेलं नव्हतं.

हे मला आमच्या शाळेतल्या बालसंगोपनाच्या मुलांमुळे जास्तच जवळचं वाटतं. ही आपल्या राज्याची चांगली योजना आहे. आईवडील नसलेलं किंवा त्यांना सांभाळता न येणारं मूल संस्थेत न टाकता नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढावं, म्हणून सरकार महिन्याला पैसे देतं. २०२३ मध्ये ती रक्कम २,२५० रुपये केली आणि योजनेला सावित्रीबाईंचं नाव दिलं. मुलानं घरात वाढावं, यासारखं दुसरं काही नाही. पण घर म्हटलं की आपण निर्धास्त होतो. दाराआड उभ्या राहिलेल्या माझ्या सासूबाईही घरातच होत्या. दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या मुलाची दर महिन्याला भेट घ्यावी, असं कायदा म्हणतो. माझ्या वर्गात बालसंगोपनाची तीन मुलं आहेत. त्यांतल्या एकाकडे वर्षभरात कुणी आलेलं नाही. मी त्याच्या मामाशी बोलले. मामा चांगला माणूस आहे, पोराला जीव लावतो. पण तो चांगला निघाला हे पोराचं नशीब, त्यात सरकारचं काही नाही.

हल्ली या मुलांचे शाळेत शिकत असल्याचे दाखले करायचे असले की मी मुलाला आधी बाकावर बसवते. दप्तर आहे का, रात्री काय जेवलास, कुठं झोपतोस, कुणाची भीती वाटते का? पाच मिनिटं लागतात. परवा एकीनं सांगितलं, “बाई, मला भीती अंधाराची वाटते,” आणि खुदकन हसली. मला केवढं बरं वाटलं!

यंदाच्या संक्रांतीला आम्ही पुन्हा बालगृहात गेलो. लाडू वेगळे वळले होते, गूळ जरा जास्त घालून. नवीन अधीक्षिकाबाई तरुण आहेत, बोलायला मोकळ्या. मंडळातल्या दोघी-तिघी मात्र येताना म्हणाल्या, “मीनल, आता उगाच काही उकरून काढू नकोस गं, सणाचा दिवस आहे.”

मी स्वागतगीत ऐकलं, टाळ्या वाजवल्या. मग मुलींच्यात जाऊन बसले. कोठीच्या खोलीत आता खरंच धान्याचे डबे होते आणि दाराला आतूनही कडी बसवलेली. पाहून बरं वाटलं. पण न्हाणीघरापलीकडे आणखी एक खोली होती. तिला कुलूप. किल्ली मावशींकडे आणि मावशी बाजारात गेलेल्या.

चहा झाल्यावर वही पुढे आली. तीच जाड पुठ्ठ्याची. पानं उलटताना माझं जुनं पान लागलं. अक्षर खरंच छान होतं.

मी लिहिलं, “दुपारी ४.१० ते ५.२५. मुली २८. सहा जणींशी एकेकटं बोलले. तिघींना चपला नाहीत. एकीचा कान दुखतोय, डॉक्टरला दाखवलेला नाही. न्हाणीघरापलीकडची खोली बंद, किल्ली मिळाली नाही.”

अधीक्षिकाबाई समोरून उलटं उलटं वाचत होत्या. म्हणाल्या, “अहो वहिनी, या वहीत असं कुणी लिहीत नाही हो.”

मी सही केली, पेन परत दिलं आणि मावशी कोणत्या वेळेला असतात ते विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, गुरुवारी दुपारी. मी म्हटलं, मग गुरुवारी येते.